चोरांची वही

शालनताई ओव्हाळांना तांदूळ निवडायचा लहानपणापासून कंटाळा, आणि नशिबी आलं ते निवडण्याचंच काम. ताटाऐवजी समोर संगणकाचा पडदा आला, एवढाच काय तो फरक.

सकाळी विश्रांतवाडीहून बस, मध्ये एकदा बदलायची, आणि नगर रस्त्याला वाघोलीच्या अलीकडे एका संशोधन संस्थेच्या फाटकाशी उतरायचं. संस्थेची रेडिओ दुर्बीण मात्र इथे नाही. पुण्याच्या कलकलाटात असली दुर्बीण ठेवणं म्हणजे मंडईत पोथी वाचायला बसणं. ती आहे लांब, डोंगरांच्या खोबणीत, जिथे मोबाईलला धड रेंज मिळत नाही. ती आभाळाचं जे काही ऐकते ते तारेवरून पुण्यात येतं, आणि सगळ्यात आधी येतं शालनताईंच्या पडद्यावर. त्यात आभाळाचं थोडं आणि माणसांचं फार. विमानं, उपग्रह, कुणाची बिघडलेली मोटार. या सगळ्या घुसखोरांना शालनताई म्हणतात चोर. चोर ओळखायचे, कापून टाकायचे, आणि उरलेलं स्वच्छ आभाळ शास्त्रज्ञांच्या हवाली करायचं. चौदा वर्षं हेच काम. संस्थेत कुणी "डेटा साफ झाला का" असं विचारत नाही. "शालनताईंनी निवडलं का?" असंच विचारतात.

बाई बारावी शिकलेल्या. लग्नानंतर नवऱ्याच्या आग्रहानं त्यांनी एसटीडी बूथ घातला होता. नवरा संपत, पीएमटीत ड्रायव्हर. बूथ चांगला चालला, मग मोबाईल आले आणि बूथ बसला. पुढे टायपिंगच्या जोरावर संस्थेत लागल्या त्या जुन्या नोंदी संगणकात भरायला. भरता भरता एक दिवस त्यांनी अनिरुद्ध सरांना सहज विचारलं, "सर, हा डाग दर मंगळवारी अकरालाच कसा येतो?" सर विभागाचे प्रमुख; बोलणं असं, की ऐकणाऱ्याला कौतुक झालं की अपमान हे घरी गेल्यावर कळावं. त्यांनी माणूस धाडला. दुर्बिणीच्या खालच्या गावात मंगळवारी बाजार भरायचा, आणि तिथे एक दंतमंजनवाला बिनतारी माईक घेऊन ओरडायचा. सर म्हणाले, "दोन पीएच्‌डी या डागावर सहा महिने बसल्या होत्या. ओव्हाळबाई, उद्यापासून तुम्ही टायपिंग बंद करा." ज्या मोबाईलनं बूथ बुडवला त्यालाच रोज पकडायचं काम मिळालं, याचं शालनताईंना मनापासून समाधान होतं. तसं त्या बोलूनही दाखवत.

या कामाची त्यांची एक वही होती. लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी. नियमात अशी वही कुठे नाही, कुणी मागितलीही नव्हती. पण कापलेल्या प्रत्येक चोराची तारीख, पडद्यावरच्या कुठल्या खान्यात, म्हणजे कुठल्या वारंवारितेला, सापडला त्याचा आकडा आणि त्याचे गुण, असं सगळं त्या बॉलपेननं लिहीत. बूथवर कॉल लिहायची सवय, ती काही सुटली नाही.

गेल्या नोव्हेंबरपासून महिन्यातून एकदा दुर्बीण एका कोवळ्या ताऱ्याकडे वळत होती. कोवळा म्हणजे वयानं. आकारानं आपल्या सूर्यासारखे वीसेक मावतील एवढा. हे काम अपूर्वाचं. अपूर्वा पाचव्या वर्षाची विद्यार्थिनी, डबा विसरण्यात पटाईत, त्यामुळे शालनताईंच्या डब्यातली अर्धी भाकरी तिचीच. जेवताना तिनं समजावलं होतं, "शालनताई, असा तारा जन्मतो ना, तेव्हा धुळीत पार गुरफटलेला असतो. साध्या दुर्बिणीला दिसतच नाही. रेडिओ तेवढा बाहेर येतो. भोवतीचा वायू आत पडतोय की बाहेर उधळला जातोय, किती जोरात, ते पडद्यावर त्याची रेष कुठे उमटते त्या जागेवरून कळतं. मला तो उधळलेला वायू हवाय. फास्टवाला."

"मग मिळाला का?"

"अकरा महिने झाले. शांतता आहे नुसती."

अपूर्वाला महिनाअखेर अहवाल द्यायचा होता. त्यात 'काही आढळले नाही' असं लिहायची तिनं मनाची तयारी केली होती. सरांनीही सांगितलं होतं, की काही न आढळणं हादेखील शोध असतो, फक्त त्यावर नोकरी मिळत नाही.

इकडे शालनताईंच्या मागेही एक भुंगा लागला होता. चोर आपोआप निवडणारं एक सॉफ्टवेअर संस्थेला घ्यायचं होतं. ते आलं की कंत्राटावरची बाई कशाला, असा सवाल समितीपुढे होता. समिती दसऱ्यानंतरच्या सोमवारी बसणार होती. अनिरुद्ध सर बाईंच्या बाजूनं होते. त्यांनी टिपणात एकच वाक्य लिहिलं होतं: चौदा वर्षांत यांच्या हातून खरी रेष कापली गेल्याचं उदाहरण नाही. ते वाक्य शालनताईंनी सरांच्या टेबलावर उलटं वाचलं होतं, आणि बसमध्ये घरी जाईपर्यंत मनात घोळवलं होतं.

खंडेनवमीला संस्थेत दुपारपर्यंत काम बंद असतं. यंत्रं पुसायची, झेंडूची माळ घालायची, पूजा, मग पेढे. शालनताई पूजेला बसत नाहीत. ओव्हाळांच्या घरात छप्पन सालापासून पूजा नाही. दुसऱ्या दिवशी सगळं जग दसरा करतं तेव्हा हे लोक पांढरे कपडे घालून विहारात जातात. संस्थेत हे सगळ्यांना माहीत, त्याचं कुणाला काही वाटत नाही, पेढा मात्र त्यांच्या टेबलावर आणून ठेवतात. तो रिकामा अर्धा दिवस त्यांनी वर्षानुवर्षं एका कामाला दिलेला: जुनी वही नव्या वहीत उतरवायची. उतरवताना तारखेनं नाही उतरवायचं, चोराच्या जातीनं उतरवायचं. विमानं एका पानावर, उपग्रह एका पानावर. म्हणजे पुढच्या वर्षी ओळखायला सोपं.

त्या दिवशी एक पान त्यांनी 'एककानी' म्हणून काढलं. दुर्बीण प्रत्येक आवाज दोन कानांनी ऐकते, एक डावा, एक उजवा. आभाळातली गोष्ट बहुतेक करून दोन्ही कानांत येते. जी एकाच कानात येते, बारीक असते, टोचेल इतकी तेज असते आणि मधूनच गायब होते, ती चोर. हा शालनताईंचा ठोकताळा, आणि तो त्यांना कधी दगा देत नसे. अपूर्वाच्या ताऱ्याच्या निरीक्षणात असला एक एककानी चोर जवळजवळ दर महिन्याला भेटलेला. ताऱ्याची रेष जिथे यायला हवी त्या खान्यापासून तो इतका लांब होता, की कापताना त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलंही नव्हतं. आता त्याचे आकडे एकाखाली एक आले.

नोव्हेंबर १०८७. डिसेंबर ११५८. जानेवारी १२४७. फेब्रुवारी १३१९. मार्च १३५६. एप्रिल १३५३. मे दिसला नाही. जून १२३९. जुलै ११५९. ऑगस्ट दिसला नाही. सप्टेंबर १०४६.

शालनताईंचं पेन थांबलं. तिकडे हॉलमध्ये आरती चालू होती.

चोर जागा सोडत नाही. टॉवर असो नाहीतर माईकवाला, तो आपल्या खान्यात ठाण मांडून बसलेला असतो. जागा सोडते ती आभाळातली गोष्ट; म्हणजे ती तिथेच असते, पण आपली पृथ्वी सूर्याभोवती फिरताना सहा महिने तिच्याकडे धावते, सहा महिने तिच्यापासून लांब जाते, आणि रेष त्याप्रमाणे वर्षभर पुढे सरकून मागे येते. हे चौदा वर्षांत त्यांनी शंभरदा ऐकलं होतं. आणि हा आकडा कसा गेला होता? मार्चपर्यंत वर चढला, तिथे जरा रेंगाळला, आणि उतरला. दर महिन्याला त्यांनी तो सुटा सुटा पाहिला, म्हणून कळलं नाही. पानावर उतरवला तर त्याची चाल दिसली.

हा चोर नव्हता. अपूर्वा ज्याच्यासाठी अकरा महिने झुरत होती तो हाच, ताऱ्यापासून उधळलेला वायू. बाईंनी तो दिसेल त्या महिन्याला स्वतःच्या हातानं कापून फेकला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती देखील नऊ वेळा.

पेढा तसाच राहिला.

आता यात एक गोम होती. दसऱ्यानंतरच्या सोमवारी संस्थेत दिवाळीची साफसफाई असते. ही साफसफाई डिस्कची. चालू महिना धरून नऊ महिने ठेवायचे, त्याआधीच्या मूळ नोंदी पुसून जागा करायची. निवडलेल्या तेवढ्या राहतात. म्हणजे नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी सोमवारी संध्याकाळी जाणार. बोलायचं तर त्याआधी बोलायला हवं होतं. आणि त्याच सोमवारी सकाळी समिती.

झाकली मूठ सव्वा लाखाची. वही कुणी मागितली नव्हती, कुणी मागणारही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी शालनताई पांढरी साडी नेसून संपतरावांबरोबर विहारात गेल्या. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. चौथ्या शीलाशी, मुसावादा वेरमणीशी, त्यांचा आवाज खाली गेला. चाळीस वर्षं म्हटलेले शब्द या वेळी त्यांनी नुसते पुटपुटले. मग मनाशी वाद सुरू झाला. खोटं बोलायचं नाही, बरोबर. पण मी कुठे बोलले? मी तर काहीच बोलले नाही.

घरी येऊन त्यांनी संपतरावांना सगळं सांगितलं. संपतरावांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. बोलण्याआधी गाडीच्या आरशात बघावं तसं थांबून ते बोलत.

"म्हणजे पकडलेला चोर घरचाच पाहुणा निघाला."

"अहो, थट्टा नका करू. नोकरी जाईल माझी."

"जाईल बहुतेक," संपतराव म्हणाले. "मी काय सांगू? माझ्या गाडीला एकदा खरचटलं होतं, तेव्हा मी पण डेपोत दोन दिवस गप्प होतो."

"मग?"

"दोन दिवस जेवण गेलं नाही."

शनिवार, रविवार असेच गेले. सोमवारी बाई ठरवून निघाल्या, की समितीआधीच सरांना गाठायचं. पण सर दारातच भेटले, समितीच्या लोकांना घेऊन. त्यांनी बाईंकडे हात करून म्हटलं, "या ओव्हाळबाई. यांच्या हातून खरी रेष सुटत नाही. माझ्या हातून सुटते." सगळे हसले. समितीतल्या एक वयस्क बाई, श्यामला मॅडम, कौतुकानं बघत राहिल्या. शालनताई नमस्कार करून बाजूला झाल्या. त्यांना फार बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची तिथल्या तिथे लाजही वाटली. निर्णय दिवाळीनंतरच्या बैठकीवर गेला. संध्याकाळी सहाला साफसफाई झाल्याची पाटी पडद्यावर आली आणि तीन महिने पुसले गेले. शालनताई पाटीकडे बघत बसल्या. एक फोन केला असता तर थांबलं असतं. केला नाही.

त्या रात्री त्यांनाही जेवण गेलं नाही.

मंगळवारी सकाळी त्यांनी नवी वही सरांच्या टेबलावर उघडून ठेवली. अपूर्वालाही बोलावून घेतलं.

"सर, ही रेष मी कापली. नऊ वेळा. ती चोर नव्हती."

सरांनी आकडे वाचले. पुन्हा वाचले. अपूर्वा त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिचा हात आपसूक तोंडावर गेला.

"हे कधी कळलं तुम्हाला?" सरांनी विचारलं.

इथे 'आज' म्हणता आलं असतं.

"खंडेनवमीला," शालनताई म्हणाल्या. "सोमवारच्या आधी. मी घाबरले, सर. नोकरी जाईल म्हणून गप्प बसले. पहिले तीन महिने माझ्यामुळे गेले."

अपूर्वा खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, आणि ते आनंदानं की रागानं हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. शेवटी वळून न बघताच ती म्हणाली, "शालनताई, तुम्ही मला त्याच दिवशी फोन करायला हवा होता."

"हो," शालनताई म्हणाल्या. "करायला हवा होता."

सरांनी चष्मा पुसला. "रडारड नंतर. आकडे सुंदर दिसतात म्हणून ते खरे ठरत नाहीत. ऑक्टोबरचं निरीक्षण वीस तारखेला आहे. रेष आभाळातली असेल तर कुठे यायला हवी ते आधी लिहा. दोघींनी वेगवेगळं. दिसल्यावर सांगणारे ज्योतिषी पुण्यात पुष्कळ आहेत."

अपूर्वानं संगणकावर पृथ्वीची धाव मोजून आकडा काढला. शालनताईंना ते गणित येत नाही. त्यांनी वहीतल्या पानाकडे पाहिलं, मार्चला वर कशी रेंगाळली होती ते पाहिलं, आणि ठरवलं की तशीच आता खाली रेंगाळणार. त्यांनी लिहिलं, १०५०. दोन्ही चिठ्ठ्या सरांच्या खणात गेल्या.

मधले दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. अपूर्वा जेवायला येत होती, पण भाकरीला हात लावत नव्हती. स्वतःचा डबा आणत होती. हे शालनताईंना नोकरीच्या काळजीपेक्षा जास्त लागलं.

वीस तारखेला दुपारी निरीक्षण आलं. तिघं पडद्यासमोर. अपूर्वानं माऊस शालनताईंच्या हातात दिला. डाव्या कानात काही नव्हतं. उजव्या कानात, टोचेल इतकी तेज, बारीक रेष उभी होती. खाना १०४९.

सरांनी खणातून चिठ्ठ्या काढल्या. अपूर्वाची १०४९. बाईंची १०५०.

"एकानं चुकलात," सर म्हणाले.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली. ते नवं सॉफ्टवेअर चाचणीसाठी आलेलंच होतं. त्यांनी तेच निरीक्षण त्याला दिलं. सॉफ्टवेअरनं दोन मिनिटांत आभाळ निवडलं, आणि १०४९ वरची रेष स्वच्छ कापून टाकली. त्याला शिकवलं होतं शालनताईंच्या जुन्या फायलींवरून. "गुरूचा गुण घेतलाय," सर म्हणाले. "फरक एवढाच, की यानं काय फेकलं ते लिहून ठेवलं नाही."

दुसऱ्या दिवशी अपूर्वा डबा विसरली. शालनताईंनी भाकरी मोडून अर्धी तिच्यापुढे सरकवली. अपूर्वानं खाल्ली. खाता खाता तिनं सांगितलं, की असला वायू कधी कधी एकाच कानात बोलतो आणि मधूनच मालवतो, की तो पार जोरात बाहेर येतोय, चाळीस किलोमीटर एका सेकंदाला, आणि अहवाल नव्यानं लिहायला घेतलाय. शालनताईंना इतकं हलकं वाटलं की त्यांनी डब्यातलं लोणचंही तिला देऊन टाकलं.

दिवाळीनंतर समिती पुन्हा बसली. भिंतीवर अपूर्वाचा आलेख लावला होता. पृथ्वीची धाव दाखवणारी एक वळणदार रेघ, आणि तिच्यावर बसलेले दहा ठिपके. सात भरीव होते, शिल्लक मूळ नोंदींतून पुन्हा काढलेले. सुरुवातीचे तीन नुसती वर्तुळं, आतून कोरी. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: पोकळ वर्तुळे श्रीमती शा. सं. ओव्हाळ यांच्या हस्तलिखित वहीतून. मूळ नोंदी उपलब्ध नाहीत.

श्यामला मॅडमनी चष्मा वर करून पाहिलं. "या तीन नोंदी का नाहीत?"

अनिरुद्ध सर लगेच म्हणाले, "नियमाप्रमाणे दिवाळीच्या साफसफाईत गेल्या." ते खरंच होतं. एका अक्षराचंही खोटं त्यात नव्हतं. सरांनी बाईंकडे पाहिलंही नाही. माणूस तिरकस, पण मनाचा मोठा. बाईंना वाटही करून दिली होती, फक्त तिच्यावरून चालत जायचं होतं.

शालनताई उठून उभ्या राहिल्या.

"मॅडम, त्या वाचल्या असत्या. रेष खरी आहे हे मला चार दिवस आधी कळलं होतं. मी बोलले नाही, म्हणून गेल्या."

श्यामला मॅडमनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "बसा."

निर्णय संध्याकाळी कळला. सॉफ्टवेअर येणार. शालनताईंचं कंत्राटही वाढलं, पण दरवेळी वर्षाचं असतं ते या वेळी सहा महिन्यांचं. आणि कामाच्या यादीत एक नवी ओळ आली, सॉफ्टवेअर जे जे फेकेल त्याची वही ठेवणे. सरांच्या टिपणातलं ते वाक्य मात्र काढलं गेलं होतं. चौदा वर्षांत उदाहरण नाही, असं आता कुणाला म्हणता येणार नव्हतं.

अपूर्वानं आलेखाची एक प्रत त्यांना दिली होती. रात्री जेवण झाल्यावर शालनताईंनी ती संपतरावांपुढे ठेवली आणि वळणदार रेघ, पृथ्वीची धाव, सगळं बोटानं दाखवत समजावलं. संपतरावांनी कागद दिव्याखाली धरला. ठिपके मोजले.

"दहा आहेत. यातले तुझे कुठले?"

शालनताईंनी सुरुवातीच्या तीन कोऱ्या वर्तुळांवर बोट ठेवलं.

"हे," त्या म्हणाल्या. "आणि हे भरले नाहीत, ते पण माझ्यामुळेच."

संपतरावांनी कागदाची नीट घडी केली आणि लाल पुठ्ठ्याच्या जुन्या वहीत, नोव्हेंबरच्या पानाशी ठेवून दिली.